नुसतं पडून राहा म्हणे, मग मोजलं काय?

मागच्या अंकात मी एका ओळीत लिहून गेले होते की डोक्याचा एक एमआरआय असा पण असतो ज्यात पेशंटनं काहीच करायचं नसतं, नुसतं निवांत पडायचं, आणि त्याच्यावरून मेंदूच्या रक्तवाहिन्यांत किती दम आहे त्याचा अंदाज येतो. त्या एका ओळीवर इतकी पत्रं अन् व्हॉट्सॲप मेसेज आले की ह्या वेळचं सगळं सदर त्यालाच दिलंय. थायरॉइडचे प्रश्न पुढच्या महिन्यात घेते. नावं कोणाचीच छापत नाही, तालुका तेवढा ठेवलाय, आणि पत्रं ज्या बोलीत आली त्याच बोलीत ठेवलीत.

प्रश्न : डॉक्टर ताई, माह्या बापाले दोन महिन्याआधी उजव्या हातावरून वारं गेल्यावानी झालं होतं, दोन दिवसात सुधारलं. मानेतली डावी शीर सत्तर टक्के बंद हाये म्हणते. एमआरआय झाला, त्यात मोठं काही नाही निंघालं. आता नागपूरचे डॉक्टर म्हणते अजून एक रेस्टिंग का काय तो एमआरआय करू, त्यात सुई नाही, औषध नाही, फक्त धा मिनिटं पडून राहाचं. पडून राहून काय समजते बाप्पा? एक एमआरआय झाला मंग दुसरा काऊन? (आर्णी तालुका)

उत्तर : दादा, विहिरीला झरा कसा आहे ते तुम्ही कधी पाहता? श्रावणात कोणतीही विहीर काठोकाठच दिसते. मे महिन्यात दोन तास मोटार चालवायची, पाणी किती खाली गेलं, किती वेळात परत भरलं, ते पाहूनच आपण म्हणतो झरा जिता आहे का नाही. तुमच्या बाबांचा पहिला एमआरआय म्हणजे विहिरीचा फोटो होता. बांधकाम ठीक आहे, कुठं ढासळलं नाही, एवढं त्यानं सांगितलं आणि ते पण महत्त्वाचंच आहे. पण झरा त्यात दिसत नाही.

मेंदूच्या बारीक रक्तवाहिन्या रबरी पाइपासारख्या एका मापाच्या नसतात, गरज पडली की त्या रुंद होतात आणि रक्त जास्त सोडतात. आता समजा मानेतली मोठी शीर अरुंद झाली, वरून येणारं रक्त कमी पडायला लागलं, तर पुढच्या बारीक रक्तवाहिन्या आधीच रुंद होऊन बसतात म्हणजे मेंदूला जेवढं पाहिजे तेवढं मिळत राहील. माणूस चालतो बोलतो, रिपोर्ट नॉर्मल येतो. पण त्यांच्याजवळ आता अजून रुंद व्हायला जागा उरलेली नसते. मग एखाद्या दिवशी उन्हात पाणी न पिता काम केलं, जुलाब लागले, बीपीची गोळी जास्त झाली, प्रेशर उतरलं की तिथं रक्त कमी पडतं. ही जी उरलेली जागा आहे ना, राखीव ताकद, तीच मोजायची आहे. डॉक्टर लोक तिला रिझर्व्ह म्हणतात, मोजमापाला सीव्हीआर म्हणतात. सत्तर टक्के बंद शीर दोन माणसांना असली तरी दोघांचं रिझर्व्ह सारखं नसतं, कारण एकाला मेंदूच्या तळाशी दुसऱ्या बाजूनं रक्त आणणारी आडवाट चांगली असते आणि दुसऱ्याला नसते. आणि ज्याचं रिझर्व्ह संपलंय त्याला पुढं लकव्याचा धोका जास्त असतो.

मोजायचं कसं, तर रक्तवाहिन्यांना रुंद व्हायचा इशारा द्यायचा आणि होतात का ते पाहायचं. त्यांना सगळ्यात पटकन समजणारा इशारा म्हणजे रक्तातला कार्बन डायऑक्साइड. आपण जो वायू श्वासावाटे बाहेर टाकतो तोच. तो रक्तात साधारण ४० मिलिमीटर दाबाचा असतो, एक मिलिमीटर जरी वाढला तरी मेंदूचं रक्त तीन ते पाच टक्के वाढतं, इतक्या त्या नाजूक आहेत. म्हणून जुनी पद्धत अशी की तोंडावर मास्क लावून ५ टक्के कार्बन डायऑक्साइड मिसळलेली हवा द्यायची, नाहीतर पेशंटला श्वास रोखून धरायला सांगायचं, नाहीतर अ‍ॅसिटाझोलामाइड नावाचं इंजेक्शन शिरेतून द्यायचं. सत्तरीच्या माणसाला त्या बोगद्यात मास्क लावून झोपवा, जीव घाबरतो. श्वास रोखा म्हटलं तर कोणी पाच सेकंद रोखतो, कोणी पंधरा, कोणाला ऐकूच येत नाही.

रेस्टिंग पद्धतीत कमाल अशी आहे की इशारा बाहेरून द्यावाच लागत नाही, आपला श्वासच तो देत असतो. कोणीच घड्याळासारखा श्वास घेत नाही, कधी उथळ, कधी मध्येच एक उसासा, कधी क्षणभर थांबलेला, आणि त्याच्यामागं रक्तातला कार्बन डायऑक्साइड थोडा वर थोडा खाली होत राहतो आणि त्याच्यामागं मेंदूच्या रक्तवाहिन्या पण. एकदा एका आजोबांचा स्कॅन चालू होता, पोटावर श्वास मोजायचा पट्टा बांधला होता, अन् आजोबांना मस्त डुलकी लागली. घोरणं, मग थांबणं, मग एक मोठा श्वास. नंतर कॉम्प्युटरवर दोन रेघा एकाखाली एक मांडल्या, वरची पोटावरच्या पट्ट्याची, खालची मेंदूच्या सिग्नलची. वर श्वास थांबला की काही सेकंदांनी खालची रेघ फुगायची, वर मोठा उसासा आला की काही सेकंदांनी खालची बसायची. इतकी वर्षं ही फोटोंची कामं करून सुद्धा मी त्या दिवशी खुर्चीवरून उठले नाही, पाहतच बसले, झोपलेला म्हातारा माणूस स्वतःच स्वतःची टेस्ट देत होता.

मशीन साधारण दर दोन सेकंदाला पूर्ण मेंदूचं एक चित्र काढतं, म्हणजे दहा मिनिटांत ३००. मेंदूचे तीन तीन मिलिमीटरचे तुकडे पाडले असं समजा, प्रत्येक तुकड्याची अशी एक रेघ निघते. त्यातून २५ ते ५० सेकंदांत एक हेलकावा अशी संथ लाट वेगळी काढतात, कारण श्वासातल्या वायूचा परिणाम तिथं चांगला सापडतो, आणि मग प्रत्येक तुकड्याची लाट पूर्ण मेंदूच्या सरासरी लाटेसोबत ताडून पाहतात. जिथं लाट बुटकी, तिथं रक्तवाहिन्यांत दम कमी. जिथं लाट इतरांपेक्षा काही सेकंद उशिरा पोचते, तिथं रक्त आडवाटेनं येतंय. तुमच्या बाबांची डावी बाजू उजवीसोबत ताडली जाईल, आणि एका बाजूची शीर बंद असलेल्या पेशंटला ही पद्धत चांगलीच उपयोगाची आहे.

पण हे पण सांगते, कारण कोणीतरी सांगायला पाहिजे. ह्या पद्धतीत मिळतं ते ‘ह्या बाजूपेक्षा ती बाजू कमी’ असं, किलो-ग्रॅमसारखं पक्कं माप मिळत नाही. सरासरीच मोजपट्टी आहे ना, मग दोन्ही बाजू सारख्याच बिघडलेल्या असल्या तर मोजपट्टीच वाकडी होते आणि नकाशा छान दिसतो. नाकाशी नळी लावून श्वासातला कार्बन डायऑक्साइड सोबतच मोजला तर काम जास्त पक्कं होतं. अजून हे बहुतेक ठिकाणी संशोधनाच्या पातळीवर आहे, रोजच्या रिपोर्टमध्ये येत नाही. म्हणून डॉक्टरांना सरळ विचारा, ‘ह्याच्यात कमी आलं तर तुम्ही पुढं काय वेगळं कराल?’ ऑपरेशन, स्टेंट, का फक्त गोळ्या, ह्या निर्णयात त्याचा उपयोग होणार असेल तर जरूर करा. आणि तोवर रक्त पातळ करायची गोळी, कोलेस्टेरॉलची गोळी, बीपीची गोळी, एक पण बंद करू नका. बाबांना आता बरं वाटतंय म्हणून गोळ्या सुटलेले पेशंट मी फार पाहिलेत.

प्रश्न : मॅडम, माही पोरगी नऊ वर्साची, सिकल एसएस हाये. मांगल्या महिन्यात दोनदा असं झालं, चूल पेटवाले फुंकणीनं फुंकत होती त हातातून फुंकणी गळून पडली, बोलाले गेली त जीभ जड. पाच मिनटात चांगली झाली. घरचे म्हणते धुरानं भोवळ आली असन. तुमी लिहेल तो पडून राहाचा एमआरआय तिचा करा लागन का? (कुरखेडा तालुका)

उत्तर : ताई, तुमचं पत्र वाचल्या वाचल्या तुम्हाला फोन केला होता आणि पोरगी आता मोठ्या दवाखान्यात पोचली आहे. हे छापतेय ते बाकीच्या आयांसाठी.

सिकल एसएस म्हणजे आई-बाप दोघांकडून दोष आल्यानं रक्तातल्या लाल पेशी विळ्यासारख्या वाकतात तो आजार. सिकलच्या लेकराला हात पाय गळणं, तोंड वाकडं होणं, जीभ जड होणं, एका डोळ्यानं न दिसणं, दोन मिनिटं जरी झालं आणि परत चांगलं झालं तरी ती भोवळ नाही. लकव्यानं दारावर थाप मारली आहे असं समजा आणि त्याच दिवशी निघा, बाजाराचा दिवस, पेरणी, काहीच पाहू नका, १०८ ला फोन लावा.

आता फुंकणीच का, ते ऐका. चूल फुंकताना आपण जोरजोरात श्वास बाहेर टाकतो, त्यानं रक्तातला कार्बन डायऑक्साइड खाली जातो आणि वर सांगितलं त्याच्या उलटं होतं, मेंदूच्या रक्तवाहिन्या आकसतात. तुमच्या आमच्या डोक्यात त्यानं थोडं गरगरल्यासारखं होईल, बस. पण ज्या लेकराच्या मेंदूला जाणाऱ्या मोठ्या शिरा आधीच अरुंद झाल्यात त्याला तेवढी आकसण पण परवडत नाही. जपानमध्ये मोयामोया नावाचा आजार ओळखला गेला, मेंदूच्या तळाच्या शिरा हळूहळू बंद होतात आणि त्यांच्याभोवती बारीक रक्तवाहिन्यांचं जाळं तयार होतं, फोटोत ते धुराच्या पुंजक्यासारखं दिसतं, १९६९ मध्ये त्याला त्यावरूनच हे नाव मिळालं. त्या लेकरांचं पण असंच, गरम खाण्यावर फुंकर मारताना, तोंडानं वाजवायचं वाद्य वाजवताना, हुंदके देऊन रडताना हात गळतो. सिकलच्या काही लेकरांत शिरा तशाच बंद होत जातात. म्हणून फुंकणीची गोष्ट लिहून पाठवली हे तुम्ही फार चांगलं केलं ताई, डॉक्टरांसमोर पण ती शब्द न शब्द तशीच सांगा, भोवळ आली एवढंच सांगू नका.

आणि शिरा अरुंद झाल्या नसल्या तरी सिकलच्या लेकराचं रिझर्व्ह कमीच असतं, त्याचा हिशोब करून दाखवते. एक ग्रॅम हिमोग्लोबिन साधारण १.३४ मिली ऑक्सिजन वाहतं. हिमोग्लोबिन १५ असलं तर १०० मिली रक्तात २० मिली ऑक्सिजन. साडेसात असलं तर फक्त १०. मेंदूची भूक तर तेवढीच आहे, तो काही निम्म्यावर भागवत नाही, मग एकच उपाय, रक्त दुप्पट वाहू द्यायचं. म्हणजे ह्या लेकराच्या रक्तवाहिन्या निवांत असताना, झोपेत सुद्धा, सताड उघड्या असतात. मग ताप आला, पाणी कमी पडलं, क्रायसिस आला, म्हणजे सिकलचं दुखणं एकदम उठलं, तर अजून उघडायचं काय?

कॅनॉलवर शेत असलेल्यांना हे लगेच समजेल. पाणी कमी सुटलं की वरच्या शेताला काही होत नाही, मरतो टेलवाला. मेंदूत पण टेलची शेतं आहेत, दोन मोठ्या शिरांच्या हद्दी जिथं भेटतात तो आतला पांढरा भाग. सिकलच्या लेकरांत मुके घाव तिथंच सापडतात. मुके म्हणजे हात पाय चांगले, बोलणं चांगलं, पण पोरगं शाळेत मागं पडायला लागतं, पाढे विसरतं, अन् मास्तर म्हणतात लक्ष नाही. रिझर्व्ह मोजायची ही पद्धत अशा लेकरांसाठी मला का महत्त्वाची वाटते ते आता लक्षात आलं असेल, घाव पडायच्या आधी टेलला पाणी कमी पोचतंय हे दिसलं पाहिजे. आणि लेकराला मास्क नको, सुई नको, ‘श्वास रोख’ हे मराठीत सांगायचं का गोंडीत हा पण प्रश्न नाही.

पण आजच्या तारखेला तुमच्या पोरीला सगळ्यात आधी जे पाहिजे ते हे नाही. आता तिचा नेहमीचा एमआरआय आणि शिरांचा फोटो लागेल. आणि ज्या एसएस लेकरांना अजून काहीच झालेलं नाही त्यांच्यासाठी ट्रान्सक्रेनियल डॉप्लर आहे, म्हणजे कानशिलावर सोनोग्राफीचा दांडा ठेवून मेंदूच्या शिरांतल्या रक्ताचा वेग मोजतात, दुखत नाही, २ ते १६ वर्षांच्या एसएस लेकरांचा वर्षातून एकदा व्हायला पाहिजे. वेग सेकंदाला २०० सेंटिमीटरच्या वर गेला तर धोका मोठा, आणि अशा लेकरांना नियमित रक्त दिलं तर पहिला लकवा येण्याचं प्रमाण नव्वद टक्क्यांहून जास्त घटतं हे अमेरिकेत १९९८ मध्येच दाखवलं गेलंय. सिकलचा त्रास कमी करणारी हायड्रॉक्सीयुरियाची कॅप्सूल रोज चालू ठेवा. आपल्याकडच्या सिकलमध्ये गर्भातल्या बाळाचं हिमोग्लोबिन बऱ्याच जणांत जास्त टिकून राहतं म्हणून आजार आफ्रिकेपेक्षा सौम्य असतो असं म्हणतात, पण त्या भरवशावर आपल्या गडचिरोली-चंद्रपूरच्या लेकरांना डॉप्लरवाचून ठेवणं मला मान्य नाही.

प्रश्न : मी माध्यमिक शाळेत विज्ञान शिकवतो. एमआरआय म्हणजे मोठं चुंबक, हे मुलांना सांगतो. पण चुंबकाला ऑक्सिजन कसा कळतो? आणि मेंदूनं ‘किती वापरला’ हे कसं काढतात? (ब्रह्मपुरी तालुका)

उत्तर : सर, हा प्रश्न वाचून फार आनंद झाला, कारण ह्याच्यात एक गोष्ट आहे जी आपल्या भागातल्या प्रत्येक वर्गात सांगितली पाहिजे.

१९३६ मध्ये लायनस पॉलिंग आणि चार्ल्स कोरिएल ह्या दोघा अमेरिकन रसायनशास्त्रज्ञांनी रक्त चुंबकाजवळ ठेवून पाहिलं. ऑक्सिजन घेतलेलं हिमोग्लोबिन चुंबकाला किंचित दूर सारतं आणि ऑक्सिजन सोडून दिलेलं हिमोग्लोबिन चुंबकाकडे ओढलं जातं, लोह तेच, वागणं वेगळं. ही ओढ इतकी बारीक आहे की आपण मशीनमध्ये झोपलो म्हणून रक्त कुठं खेचलं जात नाही, मुलांना ते नक्की सांगा, घाबरतात. ह्याच पॉलिंगनी १९४९ मध्ये सहकाऱ्यांसोबत दाखवलं की सिकल सेल हा हिमोग्लोबिनच्या रेणूतलाच दोष आहे, रेणूचा आजार अशी ओळख मिळालेला तो पहिला आजार. भारतात सिकल प्रथम नोंदवला गेला तो १९५२ मध्ये निलगिरीत, आणि आपल्या नागपूरकडची नोंद १९५८ मधली. म्हणजे एकाच माणसाच्या दोन कामांवर, कुरखेड्याच्या त्या पोरीचा आजार समजणं आणि तिच्या मेंदूतला ऑक्सिजन पाहणं, दोन्ही उभं आहे.

पुढं १९९० मध्ये सेइजी ओगावा ह्या जपानी शास्त्रज्ञांनी दाखवलं की ऑक्सिजन सोडलेलं रक्त एमआरआयच्या चित्रात आजूबाजूचा सिग्नल मंद करतं, म्हणजे बाहेरून डाय (चित्रात रक्त उठून दिसावं म्हणून देतात ते औषध) न टोचता रक्त स्वतःच डायचं काम करतं. रक्तातल्या ऑक्सिजनप्रमाणे बदलणाऱ्या ह्या सिग्नललाच बोल्ड सिग्नल म्हणतात. आणि १९९५ मध्ये भारत बिस्वाल ह्या भारतीय वंशाच्या संशोधकानं पाहिलं की माणूस काहीच करत नसला तरी हा सिग्नल संथ हेलकावे घेतो आणि मेंदूचे दूरदूरचे भाग जोडीनं हेलकावतात. आधी लोक ह्याला गोंधळ म्हणून पुसून टाकायचे. त्यातही श्वासामुळं येणारे हेलकावे तर मेंदूचं काम शोधणाऱ्यांना नकोच असायचे, आणि रक्तवाहिन्या मोजणाऱ्यांना तेच सोन्यासारखे झाले. २०१७ मध्ये अमेरिकेतल्या जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठाच्या संशोधकांनी, पेइयिंग लिउ आणि हानझांग लू ह्यांच्या गटानं, गॅस न देता निव्वळ ह्या हेलकाव्यांवरून रिझर्व्हचा नकाशा काढून दाखवला.

आता ‘किती वापरला’. ह्याला फळ्यावरचं गणित पुरतं आणि ते अ‍ॅडॉल्फ फिक ह्या जर्मन शास्त्रज्ञाचं १८७० मधलं आहे. आलेला वजा गेलेला बरोबर वापरलेला. मोठ्या माणसाच्या मेंदूत मिनिटाला साधारण ७५० मिली रक्त येतं, त्यात दर १०० मिलीला २० मिली धरा, म्हणजे १५० मिली ऑक्सिजन आला. मेंदूतून परत जाणाऱ्या रक्तात साधारण १०० मिली शिल्लक असतो. वापर ५० मिली, मिनिटाला, आणि हा अवयव शरीराच्या वजनाच्या दोन टक्के असून शरीराचा वीस टक्के ऑक्सिजन खातो. आलेल्यातला कितवा हिस्सा काढून घेतला त्याला ओईएफ म्हणतात, इथं तो एक तृतीयांश झाला.

येणारं रक्त एमआरआयनं मोजता येतं, मानेतल्या रक्ताला रेडिओलहरींनी खूण करून वर मेंदूत किती पोचलं ते पाहतात. येणाऱ्या रक्तातला ऑक्सिजन बोटाला लावायच्या पल्स ऑक्सिमीटरनं अन् हिमोग्लोबिनच्या तपासणीनं कळतो. अवघड ते परतीच्या रक्ताचं. कवटीच्या वरच्या बाजूनं, आपण भांग पाडतो साधारण त्या रेषेखालून, एक मोठी नीला मागं जाते, त्या नीलेतल्या रक्ताचा सिग्नल किती पटकन मावळतो ते मोजून त्यातला ऑक्सिजन काढतात, ह्या पद्धतीला ट्रस्ट म्हणतात, लू ह्यांचंच २००८ मधलं काम, मिनिट-दीड मिनिटाचा स्कॅन. हे पण निवांत पडूनच. फक्त ह्यात पूर्ण मेंदूचा एक आकडा मिळतो, कोणत्या कोपऱ्यात कमी ते नाही.

मुलांना एक प्रश्न घालून पाहा सर, बोल्ड सिग्नल वाढला तर ऑक्सिजनचा वापर वाढला का? बहुतेक जण हो म्हणतील. पण तसं नाही. श्वास थांबल्यावर रक्त जास्त आलं पण मेंदूनं तेवढाच ऑक्सिजन घेतला, म्हणून परतीच्या रक्तात ऑक्सिजन जास्त उरला, म्हणून सिग्नल वाढला. नुसत्या बोल्डवरून वापर सांगता येत नाही, सोबत प्रवाह मोजावाच लागतो, आणि ‘रेस्टिंग एमआरआयनं मेंदूचा ऑक्सिजन मोजला’ असं कोणी म्हटलं की मी आधी हेच विचारते, प्रवाह कशानं मोजला.

आणि सिकलमध्ये अजून एक गाठ आहे. सिग्नल मावळायच्या वेळेवरून ऑक्सिजन काढायचं सूत्र चांगल्या माणसांच्या रक्तावर बसवलेलं होतं. सिकलचं रक्त वेगळं वागतं. एका सूत्रानं उत्तर येतं की ह्या पेशंटचा मेंदू रक्तातून जास्त ऑक्सिजन ओढून घेतोय, दुसऱ्या सूत्रानं येतं की कमीच घेतोय, कारण रक्त इतक्या वेगानं धावतं की उतरवायला वेळच मिळत नाही. आजार तोच, स्कॅन तोच, निष्कर्ष विरुद्ध. माझं मत सांगायचं तर हे भांडण सिकलच्याच रक्तावर, जास्तीत जास्त नमुन्यांवर मोजून सुटेल, आणि सिकलचं रक्त अन् सिकलची माणसं जिथं आहेत त्या आपल्या विदर्भात ते मोजलं जायला पाहिजे.

प्रश्न : शिबिरात सांगितलं की कपालभातीनं मेंदूला ऑक्सिजन जास्त मिळतो. खरं आहे का? आणि ह्या एमआरआयला जाताना चहा, खर्रा चालतो का? (मोर्शी तालुका)

उत्तर : काका, चांगल्या फुप्फुसाच्या माणसाचं रक्त आधीच ९७-९८ टक्के भरलेलं असतं, भरलेल्या पोत्यात अजून किती कोंबणार. उलट जोरजोरात श्वास टाकला की कार्बन डायऑक्साइड उतरतो आणि मेंदूकडचं रक्त तेवढा वेळ कमी होतं, डोकं हलकं वाटतं ते त्यानं. प्राणायाम वाईट असं मी म्हणत नाही, सावकाश केलेल्या श्वासानं मन शांत होतं. पण मानेची शीर बंद असलेल्या, आधी लकवा झालेल्या माणसानं आणि वरच्या त्या पोरीसारख्या लेकरांनी जोरात श्वास फेकायचे प्रकार करू नयेत.

चहा-कॉफीतलं कॅफिन मेंदूच्या रक्तवाहिन्या आकसवतं, प्रवाह चांगलाच कमी करतं, आकडे बदलतात. म्हणून स्कॅनच्या दिवशी सकाळपासून घ्यायचा नाही, तिथले लोक किती तास आधी ते सांगतील. खर्ऱ्याचं विचारता तर तो एका दिवसापुरता नाही, कायमचाच सोडा काका, तंबाखूनं शिरांची जी वाट लागते ती पाहायलाच तर हे सगळं मोजमाप चाललंय.

प्रश्न : माझ्या सासूबाईंच्या दोन्ही हातांवर आणि कपाळावर गोंदण आहे. पायात जोडवी निघतच नाहीत. एमआरआय होईल का? (धारणी तालुका)

उत्तर : होईल बहुतेक. काजळीचं जुनं गोंदण सहसा त्रास देत नाही, काही शाईंत लोह असतं ती क्वचित गरम होते, म्हणून आधी दाखवून ठेवायचं आणि चटका जाणवला तर हातातलं बटण दाबायचं. जोडवी साबणाच्या पाण्यानं, नाही तर सोनाराकडून काढून घ्या, करदोडा, ताईत, पदराची पिन, मंगळसूत्र, केसांतल्या पिना पण. पेसमेकर, मेंदूतली क्लिप, कधीकाळी डोळ्यात उडालेला लोखंडाचा कण, ह्यातलं काही असलं तर आत जायच्या आधी ओरडून सांगा, चुंबक चोवीस तास चालू असतं, लाइट गेली तरी.

प्रश्न : आमच्या मुलाला सिकल आहे, वय १३. दवाखान्यात विचारलं की अभ्यासासाठी त्याचा रेस्टिंग एमआरआय करू द्याल का. फॉर्मवर सही करावी की नाही? गावात लोक म्हणतात प्रयोग करतात. (सालेकसा तालुका)

उत्तर : भाऊ, गावातल्या लोकांची शंका मला चुकीची वाटत नाही, गरिबाला न सांगता त्याच्यावर काहीबाही केल्याच्या गोष्टी आपण ऐकून आहोत. म्हणून घाई करू नका, फॉर्म घरी आणा. तो मराठीत असायला पाहिजे. त्यावर एथिक्स कमिटीची, म्हणजे अभ्यासात पेशंटवर अन्याय होत नाही ना ते पाहणाऱ्या समितीची, परवानगी आहे का पाहा. आणि हे विचारा की डाय किंवा झोपेचं औषध टोचणार का, आधी चाचणी म्हणून गॅसचा मास्क लावणार का, येण्याजाण्याचे अन् बुडालेल्या मजुरीचे पैसे कोण देणार, स्कॅनमध्ये मुका घाव वगैरे काही दिसलं तर आम्हाला कोण सांगणार आणि पुढचा इलाज कुठं होणार. शेवटचा प्रश्न सगळ्यात महत्त्वाचा, त्याचं गोलमोल उत्तर आलं तर सही नका करू. मध्येच नाही म्हणायचा हक्क तुम्हाला आहे आणि नाही म्हटल्यानं नेहमीचा इलाज थांबवता येत नाही. आयसीएमआरच्या (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या) २०१७ च्या नियमांप्रमाणे तेरा वर्षांच्या मुलाची स्वतःची लेखी संमती पण घ्यावी लागते, तुमची सही झाली म्हणून झालं असं नाही. तर त्याला बसवून नीट सांगा.

ह्या स्कॅनमध्ये एक्स-रे सारखी किरणं नाहीत. आणि सगळी उत्तरं पटली तर मी म्हणेन करू द्या, वर सरांना लिहिलं ते सूत्रांचं भांडण तुमच्या पोरासारख्यांच्याच स्कॅनवरून सुटणार आहे.

हो म्हणालात तर आधी तीन-चार दिवस घरी खाटेवर तयारी करून घ्या. उताणं झोपायचं, कानात कापूस, डोक्याच्या दोन्ही बाजूला गोधडीची घडी, आणि शेजारी धाकट्याला थाळी वाजवायला बसवा कारण मशीन ठकठक फार करतं. दहा मिनिटं मान हलली नाही पाहिजे. झोप लागली तर लागू द्या, पण तिथल्या माणसाला नंतर सांगायचं की झोप लागली होती, ते लिहून ठेवतात.